देवळालीचे कापरेकर मास्तर आणि ६१७४ : शाळामास्तरानं शोधलेला आकडा जगभर कसा पोचला

येवला : रात्रीची लाईट आल्यावर कांद्याला पाणी भरायला गेलेली मंडळी बांधावर बसली की एकमेकांना कोडी घालतात. तालुक्यात हे जुनंच आहे. पोपटांचं कोडं तर आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. झाडावर थवा बसलाय. जाणारा एक पोपट विचारतो की तुम्ही शंभर आहात का. थवा म्हणतो की आम्ही आहोत तेवढेच आणखी, आमच्या निम्मे, आमच्या पाव आणि तू एक, एवढे धरले तर शंभर भरतील. थव्यात पोपट किती? उत्तर ३६. छत्तीस, आणखी छत्तीस, अठरा, नऊ आणि एक.

असली कोडी सांगणाऱ्या-सोडवणाऱ्याला गावात हुशार म्हणतात खरं, पण पोटापाण्याच्या कामाचा म्हणत नाहीत. आकड्यांशी खेळत बसणं हा रिकामटेकडा उद्योग, असंच बहुतेकांना वाटतं. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळामास्तरानं हा उद्योग आयुष्यभर केला. लोक हसले, तरी केला. त्याचा एक आकडा आज जपानपासून अमेरिकेपर्यंत पोरं पाटीवर नि संगणकावर मांडतात. मास्तरांचं नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. गाव देवळाली. येवल्याहून नाशिकला गेलं की पुढं थोड्याच अंतरावर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघर जिल्ह्यात आहे. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. आईविना पोराला त्यांनीच वाढवलं. ज्योतिष खरं का खोटं हा वाद बाजूला ठेवू, पण पत्रिका मांडायची म्हटली की बेरीज, वजाबाकी, भागाकार सारखा करावा लागतो. ग्रह कितव्या अंशावर, घटका किती, पळं किती. घरात रोज आकडे फिरत होते आणि पोराच्या कानावर ते पडत होते. त्याच्या आकडेवेडाचं मूळ इथं आहे, असं मानायला जागा आहे.

शाळा ठाण्यात झाली. शाळेत असतानाच गणिताची कोडी सोडवत तासन् तास बसायची सवय लागली. उत्तर आलं म्हणून थांबायचं नाही, त्याच उत्तराला दुसऱ्या, आणखी सोप्या वाटेनं कसं पोचता येईल ते शोधायचं. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. फर्ग्युसन म्हटलं की रँग्लर परांजपे आठवतात. दापोलीकडच्या मुर्डी गावचा हा माणूस १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला आला आणि पुढे फर्ग्युसनचा प्राचार्य झाला. त्यांच्या नावानं गणितातल्या स्वतंत्र कामासाठी बक्षीस होतं. १९२७ साली ते बक्षीस कापरेकरांना मिळालं. वय बावीस. १९२९ ला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली.

इथून पुढं एम.एस्सी., डॉक्टरेट, प्राध्यापकी असा रस्ता असतो. कापरेकर त्या रस्त्यानं गेले नाहीत. १९३० साली ते देवळालीच्या शाळेत मास्तर म्हणून लागले आणि १९६२ ला रिटायर होईपर्यंत तिथंच राहिले. बत्तीस वर्षं एकच गाव, एकच काम. देवळाली म्हणजे तेव्हा इंग्रजांची लष्करी छावणी, थंड हवेसाठी येणारे मुंबईकर आणि रेल्वे स्टेशन. गणितज्ञांची ऊठबस असलेलं गाव नव्हे. विद्यापीठाची लायब्ररी नाही, संशोधनाला पैसे नाहीत, जोडीला बसून चर्चा करणारं कुणी नाही. कागद, पेन्सिल आणि शाळा सुटल्यावरचा वेळ, एवढ्याच भांडवलावर पुढचं सगळं झालं.

आता त्या आकड्याकडे येऊ. १९४६ सालची गोष्ट. कापरेकर तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते.

कोणताही चार अंकी आकडा घ्या. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. म्हणजे ११११, ७७७७ चालणार नाही. त्या चार अंकांपासून होणारा सगळ्यात मोठा आकडा लिहा, त्याखाली सगळ्यात लहान लिहा, वजाबाकी करा. जे उत्तर येईल त्याच्या अंकांचं पुन्हा तेच करा. करत राहा. मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडला तरी चालेल, पण वही-पेन घेतलं तर जास्त मजा येते.

मास्तरांचं जन्मसालच घेऊ, १९०५.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

सात पायऱ्या झाल्या आणि ६१७४ आला. आता ६१७४ चं पुन्हा तेच करून बघा. ७६४१ वजा १४६७, उत्तर परत ६१७४. गाडी इथं थांबली. इथून पुढं ती कुठंच जात नाही.

यात काय विशेष, असं वाटेल. विशेष हे की आकडा कुठलाही घ्या, शेवट ६१७४ च. मोटारसायकलचा चार अंकी नंबर घ्या, बाजार समितीच्या पट्टीवरचा नंबर घ्या, फोन नंबरातले शेवटचे चार अंक घ्या. कुणी दोन पायऱ्यांत पोचेल, कुणी पाच. सातच्या पुढं कुणीच जात नाही. येवल्याचा पिनकोड ४२३४०१. त्याचे शेवटचे चार अंक ३४०१. ४३१० मधून ०१३४ वजा केले की ४१७६, आणि पुढच्याच पायरीला ६१७४. दोनच पायऱ्या.

पोरं एके ठिकाणी हमखास अडकतात. वजाबाकी कधीकधी तीन अंकी येते. २१११ घेतला तर २१११ वजा १११२, उत्तर ९९९. इथं पुढं शून्य धरून ०९९९ असं लिहायचं. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, पुढं ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. शून्य सोडून दिलं की हिशोब फसतो. शून्याला किंमत नाही म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

हे का होतं? जादू नाही. चार अंक मोठ्याकडून लहानाकडे लावले की पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे होतात. मोठ्या आकड्यात पहिला अंक हजाराच्या जागी असतो, लहान आकड्यात तोच एककाच्या जागी जातो. चौथ्याचं बरोबर उलटं होतं. म्हणून वजाबाकीत पहिल्या आणि चौथ्यातलं जे अंतर आहे त्याची ९९९ पट येते. मधल्या दोघांचं असंच शंभर आणि दहाच्या जागांत अदलाबदल होते, त्यांच्या अंतराची ९० पट येते. बाकी काही नाही. १९०५ मध्ये नऊ आणि शून्य यांतलं अंतर ९, पाच आणि एक यांतलं ४. ९९९ गुणिले ९ म्हणजे ८९९१, ९० गुणिले ४ म्हणजे ३६०. बेरीज ९३५१. वर पहिल्या ओळीत तेच उत्तर आहे, ताळा करून बघा.

आता बाहेरचं अंतर १ पासून ९ पर्यंतच असू शकतं. मधलं अंतर शून्यापासून, पण बाहेरच्यापेक्षा मोठं नाही. मोजलं तर अशा जोड्या फक्त ५४ होतात. म्हणजे चार अंकी आकडे हजारो असले तरी पहिल्या वजाबाकीनंतर सगळ्यांची वाटणी ५४ आकड्यांतच होते. ओढे-नाले गोळा होऊन शेवटी एकाच नदीला मिळावेत तसं हे आहे. ५४ वाटा कागदावर मांडून प्रत्येक वाट ६१७४ ला मिळते हे आठवी-नववीचं पोरगंही एका दुपारात पडताळून पाहू शकतं. कॉलेजात जायची गरज नाही. कापरेकरांच्या कामाचं मोठेपण यातच आहे, आणि त्या काळच्या विद्वानांना खटकलंही हेच.

१९४९ साली मद्रासला गणिताची परिषद भरली. तिथं कापरेकरांनी हा आकडा जाहीर केला. देवळालीच्या शाळेचा मास्तर मोठमोठ्या प्राध्यापकांपुढं उभा राहून बेरीज-वजाबाकीची गोष्ट सांगतोय, हे चित्र आज छान वाटतं. तेव्हा तसं नव्हतं. भारतातल्या बऱ्याच गणितज्ञांनी कापरेकरांचं काम हसण्यावारी नेलं. हे खेळ आहेत, याला गणित म्हणत नाहीत, असा एकूण सूर होता. वरच्या दर्जाच्या मासिकांत लेख छापून यायची मारामार. बरेचसे लेख लहानसहान मासिकांत गेले, बरंचसं कापरेकरांनी स्वतःच पुस्तिका छापून लोकांपुढं ठेवलं. मास्तरच्या पगारातून पुस्तिका छापायच्या म्हणजे घरातल्या कशाला तरी कात्री लागणारच. तरी ते थांबले नाहीत. न्यूयॉर्कच्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या मासिकात मात्र १९५५ साली ६१७४ वरचा त्यांचा लेख आला.

हसणाऱ्यांची बाजूही थोडी समजून घ्यायला हवी. गणितज्ञांचं म्हणणं असं की हे आकड्याच्या अंगचे गुण नाहीत, तो लिहायच्या पद्धतीचे आहेत. आपण दहा-दहाचे गट करून आकडे लिहितो म्हणून ६१७४ येतो. बारा-बाराचे गट केले असते तर हे सगळं बदललं असतं. मुद्दा खरा आहे. पण शाळेतल्या पोराला गणिताची गोडी लावायला ९३५१ आणि ८१७२ जेवढे कामाला येतात तेवढं दुसरं काय येतं, हा प्रश्न त्या प्राध्यापकांपुढं नव्हता. कापरेकरांपुढं तो रोज सकाळी बाकावर बसलेला असायचा.

६१७४ हा त्यांचा एकुलता एक शोध नव्हे. हा माणूस आकड्यांकडे बघायचा ते वेगळ्याच नजरेनं. ४५ घ्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज ४५. आला त्याच जागी. ५५ चा वर्ग ३०२५, तीस आणि पंचवीस पंचावन्न. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळून ७०३. अशा आकड्यांना आज जगात कापरेकर संख्या म्हणतात. यातली गंमत अशी की ४५ आणि ५५ मिळून बरोबर शंभर होतात, २९७ आणि ७०३ मिळून बरोबर हजार. २७२८ आणि ७२७२ हीसुद्धा अशीच जोडी, बेरीज दहा हजार. त्यांचे वर्ग काढून तोडून बघायचं काम वाचकांवर सोडलेलं बरं.

हर्षद संख्या हे नावही त्यांनीच दिलं. हर्ष देणारी ती हर्षद. अंकांची बेरीज करा, त्या बेरजेनं मूळ आकड्याला पूर्ण भाग गेला की आकडा हर्षद. १२ चे अंक एक आणि दोन, बेरीज तीन, तीननं बाराला भाग जातो. रामानुजन यांच्या नावाशी जोडलेला १७२९ सुद्धा हर्षद निघतो. बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. कापरेकरांचं जन्मसाल १९०५, बेरीज १५, भागाकार १२७, बाकी शून्य. मास्तर हर्षद सालीच जन्मले म्हणायचे. आणि ६१७४? बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. आकडे असे एकमेकांच्या नात्यात निघतात.

डेमलो संख्या ही तिसरी तऱ्हा. मुंबईपासून तीसेक मैलांवर, त्या वेळच्या जी.आय.पी. रेल्वेवर, डेमलो नावाच्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली म्हणून आकड्यांना स्टेशनाचंच नाव देऊन टाकलं. पहिला आणि शेवटचा अंक मिळवला की मधला अंक येतो, आणि मधला अंक कितीही वेळा लागोपाठ आला तरी चालतो. १६५ मध्ये एक नि पाच सहा. २५५३ मध्ये दोन नि तीन पाच. ४७७७३ मध्ये चार नि तीन सात. याच घराण्यातले ११ गुणिले ११ बरोबर १२१, १११ गुणिले १११ बरोबर १२३२१, ११११ गुणिले ११११ बरोबर १२३४३२१. चढत जाऊन उतरत येणारी ही शिडी पाहून चौथीतलं पोरगंही खुश होतं. गाडीची वाट बघताना लोक बिडी ओढतात, पेपर चाळतात. कापरेकरांनी संख्यांची एक जात शोधून काढली.

सगळ्यात खोल काम मात्र स्वयंभू संख्यांचं. आकडा घ्या आणि त्यात त्याचेच अंक मिळवा. २१ मध्ये दोन आणि एक मिळवले की २४. चोवीसमध्ये दोन आणि चार मिळवले की ३०. म्हणजे २१ हा २४ चा बाप, २४ हा ३० चा. बहुतेक आकड्यांना असा बाप सापडतो. १०१ ला तर दोन आहेत, ९१ पण आणि १०० पण. काही आकड्यांना मात्र कुणीच नाही. २० बघा. १४ मधून १९ होतात, १५ मधून २१ होतात, २० कुणातूनच होत नाहीत. देवळात स्वयंभू मूर्ती असते, कुणी घडवलेली नाही, आपोआप प्रकटलेली, तसे हे आकडे. १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. पुढं हे कधीच संपत नाहीत. कापरेकरांनी या आकड्यांना आपल्या गावाचं नाव दिलं, देवळाली संख्या. १९६३ साली यावरची पुस्तिका त्यांनी देवळाली कॅम्पवरून स्वतः छापली. मोठी माणसं शोधाला स्वतःचं नाव चिकटवतात. मास्तरांनी एका शोधाला स्टेशनाचं नाव दिलं, दुसऱ्याला ज्या गावानं भाकर दिली त्याचं.

शाळेतल्या पोरांवर या सगळ्याचा परिणाम झालाच. देवळालीत कापरेकरांना चांगले शिक्षक म्हणूनच लोक ओळखत. आजूबाजूच्या कॉलेजांत त्यांना बोलावणी यायची आणि तिथं ते आपले आकडे घेऊन जायचे. गणितात आनंद मानणारा म्हणून लोक त्यांना गणितानंद म्हणू लागले. जादूचे चौरस करण्यातही त्यांचा हात होता, उभं, आडवं, तिरपं कसंही मिळवलं तरी बेरीज सारखी. खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसच्या जन्माला पाचशे वर्षं झाली त्या सुमाराला त्यांनी त्याच्या नावानं असा चौरस बांधला.

१९६२ ला नोकरी संपली. १९६६ ला पत्नी वारल्या. पेन्शन होती, पण त्यावर घर चालेना. साधं राहणारा माणूस, खर्च तो काय असणार, तरी पुरेना. मग साठी उलटलेल्या मास्तरांनी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या सुरू केल्या. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. ज्याच्या नावाची संख्या पुढं पुस्तकांत छापली गेली त्यानं म्हातारपणी शिकवणीच्या फीवर महिना काढला, हे वाचताना आजही वाईट वाटतं. मद्रासच्या परिषदेला तोवर सतरा वर्षं झाली होती आणि देशातल्या बड्या गणितज्ञांत त्यांना कुणी गणितज्ञ धरत नव्हतं.

दिवस फिरले ते परदेशातून. अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे लेखक होते. सायंटिफिक अमेरिकन या मासिकात त्यांचं गणिती खेळांचं सदर चालायचं आणि जगभरचे शास्त्रज्ञ ते आवडीनं वाचायचे. लक्षात ठेवायची गोष्ट ही की गार्डनर यांची स्वतःची पदवीही गणिताची नव्हती, तत्त्वज्ञानाची होती. मार्च १९७५ च्या अंकात त्यांनी कापरेकर आणि त्यांच्या आकड्यांवर लिहिलं. कापरेकर सत्तर वर्षांचे होते. मद्रासच्या परिषदेला सव्वीस वर्षं झाली होती. त्या एका लेखानंतर जे कधी देवळालीचं नाव ऐकणार नव्हते असे लोक कापरेकरांचे आकडे मांडू लागले. वेगवेगळ्या देशांतल्या गणितज्ञांनी त्यांच्या संख्यांवर पुढचे लेख लिहिले, सिद्धता दिल्या. ज्याला खेळ म्हणून बाजूला सारलं त्यावर अभ्यास सुरू झाला.

घरच्या माणसाचं मोल बाहेरच्यानं सांगितल्यावर कळतं, हे आपल्याकडे काही नवीन नाही. पैठणीचं तसंच झालं, योगाचं तसंच झालं. पण मास्तरांच्या बाबतीत उशीर फार झाला.

१९८६ साली कापरेकर गेले. एक्क्याऐंशी वर्षांचं आयुष्य. त्यांच्याच पद्धतीनं १९८६ मांडून पाहिलं तर ९८६१ वजा १६८९, उत्तर ८१७२. वर १९०५ मांडलं तेव्हा दुसऱ्या ओळीत हाच ८१७२ आला होता. तिथून पुढची वाट एकच, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४.

आज संगणकाचं प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांना सरावाला जी गणितं देतात त्यात कापरेकर स्थिरांक हमखास असतो. इंजिनिअरिंगला गेलेल्या पोरापोरींना विचारून बघा, बऱ्याच जणांनी सोडवलेला असेल. हा कापरेकर कोण, कुठला, हे मात्र त्यातल्या फार थोड्यांना सांगता येईल. नाव परदेशी वाटतं म्हणणारेही भेटतात. शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना बुद्धिमत्ता चाचणीची जाडजूड पुस्तकं आणून देतात, रट्टा मारून घेतात. त्यात एखाद्या दुपारी ६१७४ घालायला काही हरकत नाही. वजाबाकीचा सराव फुकटात होतो. एका पोराला शंभर वजाबाक्या दे म्हटलं तर ते पळून जाईल. त्यालाच सांगा की सात पायऱ्या लागणारा आकडा शोधून आण, ते संध्याकाळपर्यंत शंभर करून टाकतं.

लहान मुलांना तीन अंकांपासून सुरुवात करून द्यावी. तिथं शेवट ४९५ वर होतो. ३५२ घेतला तर ५३२ वजा २३५ म्हणजे २९७, मग ६९३, मग ५९४, मग ४९५. दोन अंकांत मात्र वेगळंच घडतं. ९० वजा ०९ म्हणजे ८१, मग ६३, मग २७, मग ४५, मग ०९, आणि पुन्हा ८१. एका जागी थांबायचं नावच नाही, घाण्याच्या बैलासारखं गोल फिरत राहतं. पाच अंक घेतले तरी एक ठरावीक आकडा मिळत नाही, तीन वेगवेगळे फेरे आहेत आणि प्रत्येक आकडा त्यातल्या एका फेऱ्यात जाऊन पडतो. सगळ्यात छोटा फेरा दोघांचाच आहे, ५३९५५ वरून ५९९९४ आणि परत ५३९५५. बाकीचे दोन फेरे चार-चार आकड्यांचे. ज्यांना वेळ आहे त्यांनी वही घेऊन ते शोधावेत, एका फेऱ्याची सुरुवात ६१९७४ पासून होते.